दंडावरचा वण

गेल्या हिवाळ्यांत अमरावतीच्या एका रुग्णालयांत मीं एक लहानसा प्रसंग पाहिला. कापूस वेंचावयास जाणाऱ्या एका मजुराला कुत्रें चावलें होतें. परिचारिकेनें त्याच्या पोटरीची जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें चांगली पाव तास धुतली. जखमेच्या कडेनें एक तयार प्रतिद्रव्य टोचलें गेलें. मग लशीची पाळी आली. तिनें त्याच्या दोन्ही दंडांवर, कातडीच्या अगदीं वरच्या थरांत, अतिशय बारीक सुईनें थेंब दोन थेंब लस सोडली. दोन्ही ठिकाणीं मसुरीच्या दाण्याहून जराशी मोठी, पांढुरकी गांध उठली. मजूर कांहीं वेळ आपल्या दंडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “एवढंच काय जी? माह्या बापाले त पोटात चौदा सुया देल्या होत्या.” त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, संशय मात्र होता. गरिबाच्या औषधांतही सरकारनें काटकसर केली कीं काय, हा तो संशय.

श्रोतेहो, ह्या संशयाचें उत्तर आज मला द्यावयाचें आहे, आणि तें शक्य तितकें इतिहासांतून द्यावयाचें आहे. कातडींत लस टोचण्याची रीत आपल्या देशांत सव्वादोनशें वर्षांची होत आली. लशीला जोर यावा म्हणून तींत दुसरें एखादें द्रव्य मिसळण्याची युक्ति मात्र अवघ्या शंभर वर्षांची आहे. ह्या दोहोंचें एकमेकांशीं फारसें जमलें नाहीं. आणि तें कां जमलें नाहीं ह्यांतच त्या मजुराच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे.

माझ्या आजीच्या दंडावर पैशाएवढे दोन वण होते. अकोल्याच्या आमच्या जुन्या घरांत उन्हाळ्याच्या दुपारीं ती भिंतीशीं टेकून बसली म्हणजे आम्ही मुलें त्या वणांवर बोट फिरवीत असूं. ते कशाचे म्हणून विचारलें तर ‘माझ्या देवी काढल्या तेव्हांचे’ असें ती सांगे. आपल्या भाषेंत हा एक मोठा चमत्कारिक शब्दप्रयोग आहे. ज्या रोगानें माणूस मरे तो रोग म्हणजे देवी, आणि तो होऊं नये म्हणून करावयाचा उपाय म्हणजेही देवी काढणें. वऱ्हाडांत गांवोगांवीं मातामायचें ठाणें असे. अंगावर फोड उठले कीं ‘माता आली’ म्हणावयाचें, घरांत फोडणी द्यावयाची नाहीं, आणि मातेचा कोप उतरेपर्यंत वाट पाहावयाची. अशा घराच्या दारांत जेव्हां सरकारचा माणूस सुई घेऊन उभा राहिला, तेव्हां लोकांनीं त्यालाही मातेच्याच नांवानें हांक मारली. तो झाला ‘देवी डॉक्टर’.

ही लस मुंबईस आली ती १८०२ सालीं. एडवर्ड जेन्नर यानें गाईच्या देवीची लस एका मुलाच्या हातावर टोचून पाहिली होती १७९६ मध्यें. परंतु ती हिंदुस्थानांत आणावयाची कशी, हा मोठाच पेंच होता. समुद्रप्रवास महिनोंमहिने चाले आणि वाटेंत उष्णतेनें लस मरून जाई. शेवटीं व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो यांनीं ती खुष्कीच्या वाटेनें कॉन्स्टँटिनोपलमार्गें बगदादकडे धाडली. तेथून ती बसऱ्यास आली आणि बसऱ्याहून जहाजानें मुंबईस पोंचली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर ती धरली. त्या एका मुलीच्या फोडांतील पाण्यावरून पांच मुलांस, त्या पांचांवरून आणखी कित्येकांस, असें करीत करीत ती पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली.

वऱ्हाडच्या लोकांपुढें त्या वेळीं दुसरेंच संकट होतें. पुढच्याच वर्षीं, २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं, अकोल्याच्या उत्तरेस अडगांवापाशीं वेलस्लीनें भोंसल्यांच्या फौजेचा मोड केला आणि पंधरा-सोळा दिवसांत मेळघाटांतील गाविलगडही घेतला. देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोंसल्यांचा मुलूख निजामाकडे गेला. पुढें १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, आणि देवी डॉक्टरांची सरकारी व्यवस्था येथें बसली ती त्यानंतर.

ह्या देवी डॉक्टराची फेरी हिवाळ्यांत असे. ज्यांनीं अकोल्याचा वैशाख पाहिला आहे त्यांस ह्याचें कारण सांगावयास नको. जिथें माणूस दुपारीं घराबाहेर पडत नाहीं तिथें कांचेच्या नळींतील लस काय जगणार? म्हणून ती जगवावयाची ती माणसाच्या अंगावरच. एका मुलाच्या दंडावर टोचलें कीं आठव्या दिवसाच्या सुमारास फोड स्वच्छ पाण्यानें भरे. त्या दिवशीं तें मूल आईसकट पुढच्या गांवीं न्यावयाचें, फोड सुईनें उकलावयाचा आणि त्यांतील लस तेथील मुलांच्या दंडांवर चढवावयाची. ‘दंडावरून दंडावर’ अशी ही पद्धति होती. टोचून घ्यावयास पुष्कळ आया एक वेळ तयार होत, परंतु आपल्या लेंकराचा फोड दुसऱ्यासाठीं फोडूं देण्यास त्या तयार नसत. कोणाच्या अंगांतलें पाणी कोणाच्या अंगांत जातें, हाही प्रश्न होताच.

ह्यांत जातीचा अभिमान पुष्कळ होता हें मान्य करूनही मला असें वाटतें कीं, त्या आयांच्या भीतीला सर्वस्वीं अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होईल. १८६१ सालीं इटलींतील रिव्हाल्टा ह्या गांवीं ६३ मुलांस दंडावरून दंडावर लस टोचली गेली. ज्या मुलाच्या फोडांतून ती घेतली त्याला उपदंश होता. टोचलेल्यांपैकीं चाळिसांहून अधिक मुलांस तो रोग जडला, आणि त्यांच्यापासून कित्येक आयांनाही. लशीनें स्वतः कांहींच बिघडविलें नव्हतें; तिच्याबरोबर जो पाहुणा आला त्यानें घात केला. कातडींतील लशीच्या इतिहासांत अपघाताच्या ज्या कथा येतात, त्यांतील मोठ्या बहुतेक सर्व ह्या एकाच जातीच्या आहेत.

ह्यावर उपाय निघाला तो वासरांचा. वासराच्या किंवा रेडकाच्या अंगावर लस वाढवावयाची आणि तीच माणसांस टोचावयाची, म्हणजे उपदंशाची भीति गेली. परंतु वासराच्या कातडीवरचे नाना जंतु तींत उतरत. १८९१ च्या सुमारास लंडनच्या मंक्टन कोपमन यानें दाखवून दिलें कीं, लस ग्लिसरिनमध्यें कांहीं आठवडे मुरत ठेवली म्हणजे हे उपरे जंतु मरतात आणि लशीचें बीज टिकतें. मद्रासकडे किंग नांवाच्या डॉक्टरांनीं ग्लिसरिनऐवजीं लोंकरींतून निघणारें लॅनोलिन वापरून पाहिलें, तें आपल्याकडील उन्हासाठीं. हीं द्रव्यें लशींत मिसळलीं जात तीं तिला बळ देण्यासाठीं नव्हे. तिला स्वच्छ आणि जिवंत ठेवण्यासाठीं. हा भेद मनांत ठेवावा अशी माझी विनंति आहे. आजही ‘लशींत कांहींतरी मिसळतात’ असें लोक म्हणतात तेव्हां हे दोन प्रकार एकाच टोपलींत टाकतात.

मिसळलेल्या द्रव्यावरून केवढें रण माजूं शकतें हें प्लेगच्या दिवसांत दिसलें. हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ही लस कातडीखालीं द्यावयाची होती, कातडींत नव्हे. पुढें पंजाबांत मुलकोवाल येथें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं एकाच बाटलींतील लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. हाफकिन यांनीं थोड्याच दिवसांपूर्वीं लशींत कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत सोडून तिच्याऐवजीं उष्णतेचा उपयोग सुरू केला होता. चौकशी करणारांनीं तेवढेंच धरून ठेवलें: ॲसिड घातलें असतें तर हें झालें नसतें! हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. खरी गोष्ट अशी होती कीं, त्या गांवीं बाटलीचें बूच काढतांना मदतनीसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतां पुन्हां वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्या थोरांनीं हें प्रकरण लावून धरलें, तेव्हां १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. ज्या प्रयोगशाळेंतून त्यांस काढलें, तिलाच पुढें १९२५ मध्यें त्यांचें नांव दिलें गेलें. मध्यंतरीं प्लेगची लस म्हणतांच लोकांच्या अंगावर कांटा उभा राही, त्याची भरपाई कोणी केली नाहीं.

आतां लशीला बळ देणाऱ्या द्रव्याकडे वळूं. त्याला शास्त्रज्ञ ‘ॲडज्युव्हंट’ म्हणतात. आपण सहायक द्रव्य म्हणूं. त्याचा शोध घोड्यांमुळें लागला. पॅरिसजवळ गास्तों रामों हे घटसर्पावरील रक्तजल तयार करीत. १९२० नंतरच्या त्या वर्षांत त्यांच्या लक्षांत आलें कीं, ज्या घोड्याला टोचलेल्या जागीं गळूं होई त्याच्या रक्तांत प्रतिद्रव्य अधिक निघे. मग त्यांनीं मुद्दाम गळूं उठवावयाचा उद्योग आरंभिला. औषधांत पावाचा चुरा घाल, टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या जातीचें पीठ, घाल, असे प्रयोग त्यांनीं केले आणि ते साधलेही! विज्ञानाच्या इतिहासांत साबुदाण्याचा असा उल्लेख सांपडावा ह्याचें मला अजून हंसूं येतें.

त्यानंतर १९२६ सालीं इंग्लंडांत अलेक्झांडर ग्लेनी ह्यांनीं तुरटी आणली. पावसाळ्यांत गढूळ पाण्याच्या घागरींत तुरटी फिरविली कीं गाळ तळाशीं बसतो, हें आपल्या घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. ग्लेनी यांनीं घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषांत तुरटी घालून जो सांका खालीं बसला तो जनावरांस टोचला. साध्या द्रवापेक्षां ह्या सांक्याचा गुण पुष्कळच अधिक आला. तेव्हांपासून आजतागायत ॲल्युमिनियमचे क्षार हे लशींचे सर्वांत जुने आणि सर्वांत अधिक वापरलेले सोबती आहेत. धनुर्वाताची लस, कावीळ-ब ची लस, तान्ह्या मुलांस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचीं असतांना देतात ती पंचगुणी लस, ह्या सर्वांत ते असतात. एका मात्रेंत ॲल्युमिनियम सव्वा मिलिग्रॅमहून अधिक असूं नये अशी मर्यादा घातलेली आहे. सुमारें शंभर वर्षांच्या आणि कोट्यवधि बालकांच्या अनुभवावर हा विश्वास उभा आहे.

परंतु ह्या विश्वासाला एक अट आहे, आणि ती खोलीची आहे. तुरटीच्या जातीची लस मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूंत खोल गेली पाहिजे. तेथें रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, दाह होतो तो पसरून निवतो. तीच लस चुकून वर, कातडींत राहिली तर तो सांका तिथेंच ठाण मांडून बसतो. कठीण गांठ होते, ती महिनोंमहिने खाजते, कधीं पिकते, फुटते. म्हणूनच तान्ह्या मुलाला ती लस देतांना लांब सुई सरळ आंत घातली जाते. आईला ती निर्दय वाटते. पण उथळ सुईनेंच मुलाला अधिक त्रास झाला असता. युल्स फ्रॉइंड यांनीं पुढें खनिज तेल आणि मृत क्षयजंतु यांचें एक सहायक द्रव्य बनविलें. त्याचा प्रभाव एवढा कीं जनावरांच्या प्रयोगांत त्याला तोड नाहीं. पण त्यानें कातडीला असे व्रण पडतात कीं माणसाला तें देण्याचें कोणी मनांत आणीत नाहीं.

मग प्रश्न असा येतो कीं, कातडींतल्या लशीला सहायकावांचून बळ येतें कोठून? ह्याचें बीज १८६८ सालीं सांपडलें होतें, परंतु सांपडलें आहे हें शंभर वर्षें कोणास कळलें नाहीं. बर्लिनमध्यें पॉल लँगरहान्स नांवाच्या विद्यार्थ्यानें माणसाच्या कातडीचा पातळ पापुद्रा सोन्याच्या क्षारानें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला. वरच्या थरांत त्याला फांद्या फुटलेल्या पेशी जागोजाग दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असें त्याला वाटलें. १९७३ मध्यें राल्फ स्टाइनमन आणि कोन यांनीं प्लीहेंत तशाच फांद्यांच्या पेशी शोधल्या, आणि हळूहळू उमगत गेलें कीं ह्या पेशी म्हणजे शरीराच्या वेशीवरचे जागले आहेत. परका कोणी आंत शिरला कीं त्याचा तुकडा घेऊन ह्या जवळच्या रसग्रंथीकडे धांवतात आणि तेथें वर्दी देतात. पाटलाच्या वाड्यावर वर्दी गेल्यावांचून गांव जागा होत नाहीं, तसें ह्या वर्दीवांचून प्रतिकार सुरू होत नाहीं. ह्या शोधाबद्दल स्टाइनमन यांस २०११ चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां ते वारून तीन दिवस झाले होते.

स्नायूंत हे जागले विरळ असतात. तेथें तुरटीनें थोडा गलबला करावा लागतो, म्हणजे ते गोळा होतात. कातडींत ते पहिल्यापासूनच दाटीनें उभे आहेत. म्हणून तेथें लस थोडी पुरते, आणि सहायक द्रव्य घालणें म्हणजे जागल्यांच्याच अंगणांत दंगा माजविण्यासारखें होतें. जेन्नरला ह्यांतलें कांहींएक ठाऊक नव्हतें, देवी डॉक्टरालाही नव्हतें. त्यांनीं कातडी निवडली ती रोग कातडीवर दिसे म्हणून, आणि निवड बरोबर ठरली.

एवढें असूनही कातडींतली लस सुखाची होती असें समजूं नये. आपल्याकडे कित्येक वर्षें देवी काढण्यासाठीं एक फिरतें हत्यार वापरीत. दांड्याच्या टोंकाला दांतेरी चकती. ती दंडावर टेंकवून गर्रकन् फिरवावयाची. मोठी जखम होई, ती पिके, ताप येई. शाळेंत देवी डॉक्टर आला कीं मुलें खिडकींतून उड्या टाकीत. पुढें १९६० नंतर दोन टोंकांची साधी सुई आली, तिनें लसही कमी लागे आणि जखमही. लशीचे धोके खरे होते: इसबानें ग्रासलेल्या मुलास ती भोंवे, आणि प्रथमच टोचून घेणाऱ्या दहा लाखांत एक-दोन दगावत. ज्या रोगांत दहांतले दोन-तीन मरत, त्याच्या तुलनेनें हा सौदा पत्करण्याजोगा होता. भारतांतील शेवटचा देवीचा रोगी २४ मे १९७५ रोजीं आसामांत आढळला. रोग गेला, आणि त्याबरोबर देवी काढणेंही थांबलें. आज दंड पाहून माणसाचें वय सांगतां येतें. आजीच्या दंडावर दोन मोठे वण. माझ्या दंडावर देवीचा एक आणि बी. सी. जी. चा एक, माझ्या भाचीच्या दंडावर फक्त बी. सी. जी. चा.

ह्या बी. सी. जी. ची कथा मोठी आहे, ती थोडक्यांत सांगतों. काल्मेत आणि गेरँ ह्या दोघां फ्रेंच संशोधकांनीं गाईच्या क्षयाचा जंतु १३ वर्षें, २३० वेळां, नव्या अन्नावर वाढवून निरुपद्रवी केला. १९२१ पासून तो बालकांस तोंडावाटे दिला जाऊं लागला. १९३० सालीं जर्मनींतील ल्यूबेक गांवीं ही लस पाजलेल्या सुमारें २५० बालकांपैकीं ७२ बालकें मेलीं. तेथील प्रयोगशाळेंत लशींत खऱ्या क्षयाचे जंतु मिसळले गेले होते. रिव्हाल्टा, मुलकोवाल, ल्यूबेक: तीन देश आणि तीन रोग, पण तिन्ही वेळां दोष उपऱ्या पाहुण्याचा. कातडींत बी. सी. जी. देण्याची रीत स्वीडनमध्यें व्हालग्रेन यांनीं १९२७ सालीं घातली होती, तीच पुढें सर्वत्र रूढ झाली. भारतांत १९४८ मध्यें मदनपल्ली येथें तिचा आरंभ झाला. १९५५ मध्यें राजगोपालाचारी यांच्यासारख्या पुरुषानें तिला उघड विरोध केला. आणि मद्रासजवळ चिंगलपुट जिल्ह्यांत १९६८ पासून जी मोठी चांचणी झाली तींत असें निघालें कीं प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयाला ती आवर घालीत नाहीं. तेव्हां राजाजींचा संशय सगळाच पोकळ नव्हता. मात्र तान्ह्या मुलांस होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय ती पुष्कळ अंशीं टाळते, आणि कुष्ठरोगापासूनही कांहीं संरक्षण देते. ज्या अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ मध्यें कुष्ठरोग्यांसाठीं तपोवन उभारलें, तेथील लोकांस ही दुसरी गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी वाटते.

बी. सी. जी. मध्यें वेगळें सहायक द्रव्य घालीत नाहींत. क्षयजंतूच्या जातीचें कवच हेंच एक जबरदस्त सहायक आहे. फ्रॉइंड यांनीं तें उगीच निवडलें नव्हतें. त्यामुळेंच टोचल्यावर कांहीं आठवड्यांनीं त्या जागीं पुळी येते, ती फुटते, थोडी वाहते आणि दोन-तीन महिन्यांत वण ठेवून सुकते. घरोघरीं ह्याच वेळीं आई घाबरते. कोणी हळद लावतें, कोणी तेल. कांहीं लावावयाचें नाहीं. पाण्यानें जागा स्वच्छ ठेवली म्हणजे पुरे. कांखेंत मोठी गांठ आली, किंवा मुलाच्या घराण्यांत जन्मतःच प्रतिकारशक्ति नसण्याचा रोग असला, तर मात्र डॉक्टरांस दाखविलेंच पाहिजे, कारण जिवंत लस अशा मुलाला बाधूं शकते.

अलीकडच्या साथींतही हा खोल आणि उथळ असा भेद पुन्हां दिसला. फेब्रुवारी २०२१ मध्यें करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या प्रारंभीं अमरावती-अकोल्यास पुन्हां टाळेबंदी आली, तेव्हां लोकांस मिळूं लागलेल्या दोन लशींपैकीं कोव्हॅक्सिनमध्यें तुरटीच्या घराण्यांतील क्षारावर आणखी एक नवें उत्तेजक द्रव्य चढविलेलें होतें आणि ती दंडाच्या स्नायूंत दिली जाई. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें परवानगी मिळालेली अहमदाबादची झायकोव्ह-डी मात्र सुईवांचून, नुसत्या दाबाच्या फवाऱ्यानें कातडींत सोडावयाची होती. पोलिओची टोचावयाची लसही २०१६ पासून आपल्याकडे कातडींत देतात, पूर्ण मात्रेच्या एकपंचमांश. तींत तुरटी नाहीं.

आतां त्या मजुराच्या बापाच्या चौदा सुयांकडे येतों. त्या सुया सेंपल यांच्या लशीच्या. डेव्हिड सेंपल यांनीं कसौली येथें १९११ च्या सुमारास ती बनविली. मेंढीच्या मेंदूंत जलसंत्रासाचें विष वाढवावयाचें, कार्बोलिकनें तें मारावयाचें आणि तो मेंदूचा काढा रोज पोटाच्या कातडीखालीं टोचावयाचा. लस दुबळी, म्हणून मात्रा मोठी आणि दिवसही पुष्कळ. तींतील मेंदूच्या अंशामुळें कांहीं थोड्या रोग्यांस अर्धांगही होई. एवढें सोसूनही लोक ती घेत, कारण पर्याय मरण होतें. मोठी सुई, मोठी मात्रा म्हणजे मोठें औषध, ही समजूत तेव्हांची आहे, आणि ती त्या मजुराला वारशानें मिळाली आहे. सेंपलची लस आपल्या देशांत २००४ च्या अखेरीस बंद झाली.

हल्लींची लस पेशींवर वाढविलेली आणि शुद्ध केलेली असते. ती स्नायूंत दिली तर पांच वेळां एकेक पूर्ण कुपी लागते. कातडींत दिली तर दोन्ही दंडांवर दशांश मिलिलिटर, पहिल्या दिवशीं, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं. सगळी मिळून मिलिलिटरभरही होत नाहीं, आणि गुण तितकाच येतो. थायलंडांत रेड क्रॉसच्या डॉक्टरांनीं ही रीत बसविली. आपल्याकडे तिला २००६ मध्यें मान्यता मिळाली. तिच्या नियमांत दोन गोष्टी ठळक आहेत. एक, ज्या लशींत सहायक द्रव्य असेल ती कातडींत द्यावयाची नाहीं. दुसरी, गांध उठलीच पाहिजे. उठली नाहीं तर लस खोल गेली असें समजून तेवढी मात्रा जवळच पुन्हां द्यावयाची. शिवाय उघडलेली कुपी थंड जागीं ठेवून सहा ते आठ तासांत संपवावी लागते. म्हणून जिथें रोज चावे घेतलेले पुष्कळ लोक येतात, अशा मोठ्या रुग्णालयालाच ही रीत सोयीची पडते. काटकसर हिच्यांत आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु ती काटकसर कुपीची आहे, गुणाची नाहीं. उलट एकाच्या जागीं कित्येकांस लस मिळते, आणि ‘लस संपली, उद्यां या’ हें वाक्य कमी वेळां ऐकावें लागतें.

परिचारिकेनें त्या मजुराला हें सगळें सांगितलें नाहीं. तिला वेळही नव्हता. तिनें त्याच्या दंडावरच्या गांधीवर बोट ठेवलें आणि म्हणाली, “ही फुगली ना? म्हणजे औषध बरोबर जागी बसलं. चोळू नको.” मग कार्डावर तिनें पुढल्या तीन तारखा लिहून त्यांखालीं रेघ ओढली. त्यानें कार्ड उलटें-सुलटें करून पाहिलें. तिसऱ्या दिवशीं वेंचणी होती, मुकादम पैसे कापणार होता. अमरावतीस येणें म्हणजे एक मजुरी बुडणार. तो कांहीं वेळ उंबऱ्याशींच उभा राहिला. मग त्यानें कार्डाची घडी घातली, बंडीच्या आंतल्या खिशांत ठेवली आणि सकाळीं दवाखाना किती वाजतां उघडतो तें विचारून घेतलें.